तिसरा नकार

“रडू केव्हा आणायचं?” बुखादाईने मला विचारलं. “पहिल्या नकाराला की तिसऱ्या?”

“तिसऱ्याला, नोयान,” मी म्हटलं. “पहिल्यालाच रडून मोकळे झालात, तर पुढे काय करणार?”

“माझ्याही मनात तेच होतं,” तो म्हणाला. दुसऱ्याने नुकतंच काही सांगितलं, की ते त्याच्या मनात आधीपासूनच असायचं.

नोयान म्हणजे आमच्याकडे सरदार. बुखादाई हा थोरल्या खानांचा मुलगा, आणि बुखा म्हणजे बैल. नाव ठेवताना आईबाप बरेचदा फसतात. याच्या आईबापांचा अंदाज अगदी बरोबर निघाला होता. थोरले खान वसंतात वारले. आता शरद लागला होता आणि दुसऱ्या दिवशी कुरुलताई होती, म्हणजे नवा खान निवडायला भरणारी सगळ्या भाऊबंदांची सभा. निवडायला असं आपलं म्हणायचं. गादी बुखादाईलाच मिळणार हे छावणीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. पण आमची रीत अशी, की गादी पुढे केली की माणसाने ती तीनदा नाकारायची. मी लायक नाही, माझ्याहून मोठे आहेत, मला सोडा, असं म्हणायचं. भाऊबंदांनी दर वेळी आणखी गळ घालायची, आणि तिसऱ्या नकारानंतर त्याचे दंड धरून, पांढऱ्या नमद्यावर बसवून त्याला उचलायचं. नमदा म्हणजे लोकर कुटून केलेलं जाड कापड. आमचे तंबूही त्याचेच. जो जितकं सुंदर नाकारील, तितका तो मोठा खान, अशी आमच्या लोकांची समजूत होती.

थोरल्या खानांनी गादी नाकारली तेव्हा मी तिथे उभी होते. मी पेलेवाली. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा पेला खानाच्या हातात द्यायचा आणि रिकामा झाला की परत घ्यायचा, हे माझं काम. त्या दिवशीचं बोलणं ऐकलेली माणसं एकेक करून गेली होती. उरलो मी आणि थोरल्या खानांचे काका, दाईरकाका. त्यात दाईरकाका जवळजवळ बहिरे. म्हणून बुखादाईने मला बोलावून घेतलं होतं. बापाने दिलेले नकार त्याला शब्दन्‌शब्द पाठ करायचे होते. शिवाय बापाच्या वर एक पायरी हवी होती.

वसंतापासून कारभार तोच पाहत होता, आणि त्याचा कारभार काय असतो ते आम्ही त्या एका उन्हाळ्यात पाहून घेतलं. वारलेल्या खानाचं नाव कोणी घ्यायचं नाही, ही रीत जुनीच. थोरल्या खानांच्या नावात ‘तेमुर’ होतं, आणि तेमुर म्हणजे लोखंड. याने हुकूम काढला, की लोखंड हा शब्दच बंद. लोहार बिचारा ‘काळं कठीण’ म्हणून भागवू लागला. एका स्वाराच्या तोंडून “रिकिबीचं लोखंड मोडलं” असं निघून गेलं, तर त्याला फटके बसले. उत्तम घोड्या स्वतःच्या तंबूभोवतीच बांधायच्या असा आणखी एक हुकूम निघाला. तिथलं गवत पार उखडलं, घोड्यांच्या फासळ्या दिसायला लागल्या, तेव्हा याने गवताची निगा राखणाऱ्याला हाकललं. आकाशात गडगडलं की हा शूर माणूस नमद्याच्या गुंडाळीत शिरायचा, आणि पाऊस थांबला की बाहेर येऊन “जरा विचार करत होतो” म्हणायचा.

हे सगळं आम्ही हसून घालवलं असतं. पण माझी मुलगी तुया नुकतीच सोळाची झाली होती.

थोरल्या खानांची कबर डोंगराच्या कुशीत अजून उघडीच होती. नवा खान गादीवर बसला, की पहिलं काम म्हणून बापाला सोबत पाठवतो. चांगले घोडे, चांगल्या पोरी. मग कबर बुजवायची आणि वरून घोडे फिरवून जमीन सपाट करायची. थोरल्या खानांनी आपल्या बापाला नुसते घोडे पाठवले होते. “बाबांना बायकांची कटकट सोसायची नाही,” असं ते म्हणाले होते, आणि त्या थट्टेवर कितीतरी पोरी वाचल्या होत्या. बुखादाईला मात्र वरची पायरी हवी होती. त्याने पोरी निवडल्या, आणि पहिली निवडली माझी तुया. तिच्यासाठी रेशमी झगा शिवून आला होता. ती सकाळपासून तो मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

“नोयान, शिकवण्याआधी एक मागू का?” मी विचारलं.

“गादीवर बसल्यावर माग. सगळेच तेव्हा मागणार आहेत.”

“तेव्हा उशीर झालेला असेल. माझी तुया...”

“अरे हो, तुया!” त्याने मांडीवर थाप मारली. “तिला मी सगळ्यांत पुढे पाठवतोय, बाबांच्या अगदी डाव्या हाताशी. इथे तू त्यांना पेला द्यायचीस, तिथे तुझी लेक देईल. केवढा मान आहे हा, म्हातारे! डोळे का भरले तुझे? आनंदाने ना?”

“आनंदानेच,” मी म्हटलं.

“मग चल, शिकव.”

मला त्याचा राग आला असं मी म्हणणार नाही. राग माणसाचा येतो. मला त्याची किळस आली, वाडग्यात बुडालेल्या माशीची येते तशी. आणि मी शिकवायला बसले.

आमच्याकडे महत्त्वाचं बोलणं नेहमी पद्यात, सगळ्या ओळी एकाच अक्षराने सुरू करून बांधतात, म्हणजे ते विसरत नाही आणि वाटेत बदलत नाही. पहिला नकार मी त्याला म्हणून दाखवला:

“वडीलधारे बसले असता, वाकतो मी त्यांच्यापुढे;
वासराच्या मानेवर जू कशाला, वळू एवढे पुढे?”

“वासरू म्हणजे मी?” त्याने भुवया चढवल्या.

“रीत आहे, नोयान.”

“बाबा स्वतःला वासरू म्हणाले होते?”

“म्हणाले होते.”

“ठीक आहे. पण मी म्हणताना जरा मोठं वासरू वाटलं पाहिजे.”

दुसरा नकार छाती बडवत म्हणायचा होता. तो त्याला लगेच जमला. बडवण्यात डोकं लागत नाही. मग मी तिसरा म्हणून दाखवला. तो ऐकून त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याने तो माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला, मग पुन्हा.

“बाबा असं म्हणाले होते?”

“पेला माझ्याच हातात होता, नोयान.”

“आणि लोक?”

“लोक ढसाढसा रडले.”

“हं. आता पेल्याचं काय?”

“तिसऱ्या नकाराला मी पेला हातात देईन. आभाळाची आण घ्यायची आणि पेला जमिनीवर पालथा करायचा.”

“भरलेला?”

“भरलेलाच. सांडल्याशिवाय आण खरी वाटत नाही.”

त्याला ते फार आवडलं. दुपारभर तो तांब्याच्या परातीत स्वतःचं तोंड पाहत तिसरा नकार घोकत होता. मी निघाले तेव्हा परातीतल्या स्वतःकडे पाहून तो हळवा झाला होता.

दुसऱ्या दिवशी आभाळ अगदी निरभ्र होतं. सगळे चुलतभाऊ टोप्या काढून, कमरपट्टे गळ्यात घालून गोल बसले होते. आमच्याकडे शरण येण्याची खूण ती. त्यांच्यापैकी एकालाही बुखादाई हवा नव्हता. आणि प्रत्येकाला दुसऱ्या कोणीतरी तसं म्हणायला हवं होतं. सगळ्यांत पुढे बसला होता आरुग. बुखादाईनंतर गादीवर त्याचा हक्क. भलताच देखणा माणूस, मिशा तेल लावून टोकदार केलेल्या, आणि उभ्या जन्मात त्याने कधी कोणाला तोंडावर ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

मधोमध दाईरकाका. घराण्यात वडील तेच, आणि कायदा सांभाळणारेही तेच. कायद्याच्या बाबतीत काका फार सरळ. इतके सरळ की लोक त्यांच्या समोर चेष्टाही जपून करायचे. एकदा शर्यतीत एकजण म्हणाला, माझी घोडी हरली तर खोगीर खाईन. घोडी हरली. काका त्याच्यासमोर जाऊन बसले आणि त्याच्याकडून खोगिराचा चामडी पट्टा चावून चावून खाववूनच उठले. शब्द दिला म्हणजे दिला, आणि आभाळाची आण घेऊन दिला तर मग विषयच संपला. नकार घराण्यातल्या वडील माणसाच्या तोंडासमोर म्हणायचे असतात, म्हणून बुखादाई त्यांच्यापुढे उभा होता. मी काकांच्या उजव्या कानाशी. माझा आवाज पहिल्यापासून चिरका. त्यांच्या कानात तेवढाच शिरायचा, म्हणून सभेत मी त्यांचे कान व्हायचे.

भाऊबंदांनी गादी पुढे केली. बुखादाईने पहिला नकार दिला. वासरू बरंच मोठं वाटलं. “असं म्हणू नका!” म्हणून सगळे ओरडले. त्याने दुसरा नकार दिला आणि छाती इतकी बडवली की त्याला खोकला आला. “आम्हाला पोरकं करू नका!” आरुग म्हणाला, आणि हे म्हणताना त्याने जांभई गिळली. ती मी पाहिली.

मग बुखादाईने बाही डोळ्यांना लावली. बाहीत रानकांदा ठेचून ठेवलेला होता, मला इथवर वास आला. डोळ्यांतून धारा लागल्या. मी पेला त्याच्या हातात दिला. त्याने तो वर आभाळाकडे उचलला आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला:

“बसणार नाही, आभाळाची आण, बापाच्या गादीवर;
बापाच्या बाजूला निजवा मला, बापाच्या मातीवर;
बाकी सोबत कशाला त्याला? बुखादाई जाईल बरोबर!”

आणि पेला पालथा केला. पांढरं दूध मातीत जिरलं. बुखादाई डोळे मिटून उभा राहिला. दंड धरायला सोयीचे पडावेत म्हणून त्याने हात अंगापासून जरा लांब धरले होते.

“ओयून,” दाईरकाका मला म्हणाले, “आण घेतली का त्याने? मला आभाळ ऐकू आलं.”

मी त्यांच्या कानात तिन्ही ओळी जशाच्या तशा म्हटल्या. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

“पेला ओतला?”

“ओतला.”

काका खाली वाकले, त्यांनी ओल्या मातीला बोट लावून पाहिलं. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांना कांद्याची गरज पडली नव्हती. “पोरा,” ते म्हणाले, “मी तुला आजवर ओळखलंच नाही. मला वाटायचं तू नुसता खादाड आहेस.”

बुखादाईने डोळे न उघडताच मान नम्रपणे हलवली.

काका भाऊबंदांकडे वळले. “त्याने आभाळाची आण घेतली आहे. ही आण मोडावी असं कोणाला वाटतं? वाटत असेल त्याने उभं राहावं.”

मी त्या बसलेल्या वीरांकडे पाहिलं. लढायांच्या गोष्टी सांगून हे लोक तंबू दणाणून सोडायचे. आता कोणी बुटाची शिवण तपासत होता, कोणी कमरपट्ट्याचा काटा चोळत होता. एकजण आभाळात काहीतरी शोधत होता. उभं कोणी राहिलं नाही.

इतका वेळ कोणीच दंड धरला नाही, तेव्हा बुखादाईने एक डोळा उघडला. “आरुग,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “धर ना. दंड धर माझा.”

“आभाळाची आण आहे, दादा,” आरुग म्हणाला. “ती मी कसा मोडू?”

“अरे, ती रीत आहे! तसं म्हणायचं असतं!”

“काय म्हणतो?” काकांनी विचारलं. पण उत्तराची वाट न पाहता त्यांनी आपल्या माणसांना खूण केली. “पांढरा नमदा आणा. खानाचा मुलगा आहे. मानाने न्या.”

माणसांनी बुखादाईचे दंड धरले. खोटं कशाला सांगू, क्षणभर त्याचा चेहरा उजळला. त्याला पांढऱ्या नमद्यावर बसवलं, चारी बाजूंनी उचललं, लोकांनी आरोळी ठोकली. मग नमदा गादीकडे न वळता डोंगराकडे वळला. तेव्हा कुठे त्याला कळलं.

वाटभर तो ओरडत होता. घाबरला की त्याची जीभ बोबडी वळायची, शब्दावर शब्द चढायचे. त्यात ढोल सुरू झालेले. कबरीच्या पलीकडे, उताराला, घोड्यांजवळ पोरी रांगेने उभ्या होत्या, रेशमी झगे घालून. ढोलवाले त्यांच्याच बाजूला होते. तुया सगळ्यांत पुढे होती. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. ती खड्ड्याकडे पाहत होती. मला वाटलं, बुखादाई खड्ड्यात गेला तरी या पोरी आहेतच तिथे उभ्या. काका रीतीचे माणूस. याला आत घालतील आणि मागून यांनाही घालतील.

मग बुखादाईला पोरी दिसल्या.

“या आहेत की पोरी!” तो किंचाळला. “पोरी टाका ना! त्या म्हातारीची पोर आधी टाका! मला कशाला, पोरी आहेत, पोरी न्या!”

दाईरकाकांनी कानामागे हात धरला. “पोरी, पोरी काय म्हणतोय, ओयून? पोरींचं काय?”

आरुग आणि आणखी दोघे माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता. खानदानाच्या सभेत खोटं सांगणाऱ्या नोकराची काय गत होते ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी काकांच्या कानाला तोंड लावलं.

“म्हणतोय, पोरींना घरी जाऊ द्या. बापाला मी एकटा पुरेसा आहे.”

एवढं बोलून मी आरुगकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग निघताना डोक्यावर परत घातलेली टोपी हळूच काढली आणि मान खाली घालून म्हणाला, “थोर माणूस!” बाकीच्या दोघांनीही टोप्या काढल्या.

काका तर हुंदके द्यायला लागले. “आण घेताना पण तेच म्हणाला होता,” ते म्हणाले. “बाकी सोबत कशाला त्याला. होऊ द्या त्याच्या मनासारखं. सोडा पोरींना.”

खानाच्या घरातलं रक्त जमिनीवर सांडायचं नसतं, म्हणून त्याला नमद्यातच गुंडाळून आत ठेवलं. ते पाहायला मी थांबले नाही. उतारावर जाऊन तुयाचा हात धरला आणि चालू लागले. जन्मात मी इतकी खूश कधी झाले नव्हते. रस्ताभर मी हसत होते आणि तुया रडत होती, आणि लोकांना वाटलं दोघींनाही दुःख झालंय.

थोरल्या खानांचा खरा तिसरा नकार अगदी छोटा होता. “नको म्हटलं ना एकदा,” असं म्हणून ते घोड्याकडे निघाले होते, आणि मागे पळत जाऊन त्यांना धरावं लागलं होतं. बुखादाईला शिकवलेल्या तिन्ही ओळी मी तुया झोपलेली असताना तिच्या उशाशी बसून जुळवल्या. ‘ब’ बरा सापडला. बुखादाईच्या नावातच होता.

दुसऱ्या दिवशी गादी आरुगपुढे केली. विचारणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो “हो” म्हणाला. तेव्हापासून आमच्याकडे नाकारायची रीतच गेली.

आता या गोष्टीला खूप वर्षं झाली. दाईरकाका गेले, आरुगही गेला. बुखादाईचं मात्र देवस्थान झालं. डोंगरावर दगडांची रास रचली आहे, तिला निळी फडकी बांधतात. बापाचं न ऐकणाऱ्या मुलांना धरून तिथे नेतात आणि सांगतात, मुलगा असावा तर असा. त्याच्या नकाराच्या ओळी बायका चालत्या गाड्यांवर बसून गातात. चाल बरी आहे.

तुयाला आता नातवंडं आहेत. दर शरदात ती सगळ्यांना घेऊन तिथे जाते आणि मलाही गाडीत घालून नेते. दगडांसमोर गुडघे टेकते, पोरांना टेकायला लावते, रडते. मी गाडीतून उतरत नाही. यंदा तिला ते फार लागलं.

“आई,” ती म्हणाली, “त्या माणसाने माझ्यासाठी जीव दिला. तू तर शेवटपर्यंत त्याच्या जवळ होतीस, त्याचे शेवटचे शब्द तुझ्या तोंडून लोकांना कळले. तुला त्याच्याबद्दल काहीच कसं वाटत नाही?”

“वाटतं की,” मी म्हटलं. “त्याला बोलायला मीच शिकवलं होतं.”